महिना कसा भागवायचा?

शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात माजी विद्यार्थिनी म्हणून माझे भाषण झाले, त्याला आता काही आठवडे होऊन गेले आहेत. भाषण बरे झाले असावे, कारण नंतर बऱ्याच मुलामुलींनी माझ्याबरोबर छायाचित्रे काढून घेतली आणि दोन प्राध्यापकांनी पुन्हा येण्याचे वचन घेतले. मनात रुतून बसला आहे तो मात्र सर्वांत शेवटी आलेला एक प्रश्न. खिडकीच्या बाजूला बसलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, हार मानायची नाही हे समजलं. पण तुम्ही इथं शिकत होता तेव्हा महिना कसा भागवत होता, तेवढं सांगा ना.” सभागृहात हशा पिकला. त्या हशात कुचेष्टा नव्हती. आपल्याही मनातली गोष्ट कोणीतरी बोलून टाकल्यावर मुले हसतात, तसा तो होता. वेळ संपत आली होती. मी म्हणाले, “मी कमवा व शिका योजनेत काम करत होते, घरून थोडे पैसे यायचे आणि बाकीचं कसंबसं भागायचं.” ‘कमवा व शिका’ हे शब्द कानांवर पडताच टाळ्या सुरू झाल्या आणि त्या बराच वेळ चालल्या. ती मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या एका हातात वही होती, दुसऱ्या हातात टोपण काढलेले पेन होते आणि ती आकडे ऐकायला थांबली होती. टाळ्या ओसरल्या तोवर आभारप्रदर्शन करणारा विद्यार्थी ध्वनिक्षेपकापाशी पोहोचला होता.

‘कसंबसं’ हे वहीत लिहून घेण्यासारखे उत्तर नव्हे.

सकाळी मी मुद्दामच लवकर गेले होते. सागरमाळावरचा तो वारा अजून तसाच आहे. मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी उभे राहिले की ओढणी हातात धरूनच ठेवावी लागते. हा पुतळा १९७४ मध्ये उभारला गेला, म्हणजे आमच्या कितीतरी आधी, तरीही आम्हा जतसारख्या तालुक्यांतून आलेल्या मुलींना तो आपल्याच स्वागताला उभा केल्यासारखा वाटे. विभागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोर ओरडत होते. आमच्या वेळी एक मोर नेमका परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहाच्या पाठीमागे ओरडायचा आणि आम्ही त्याला मनापासून शिव्या द्यायचो. विभागात शिरल्यावर मी सर्वांत आधी नाकाने शोध घेतला तो हायड्रोजन सल्फाइडच्या वासाचा. किपच्या उपकरणातून निघणारा तो कुजक्या अंड्यांचा वास आमच्या केसांत, वह्यांत, डब्याच्या पिशवीत इतका मुरलेला असे की मेसमध्ये इतर विभागांच्या मुली आमच्या टेबलावर बसत नसत. तो वास आता जवळजवळ नाही. प्रयोगशाळा स्वच्छ, उजेडाच्या आणि यंत्रांनी भरलेल्या दिसल्या. मला बरे वाटले आणि थोडे उपऱ्यासारखेही वाटले.

कार्यक्रम आता सगळीकडे होतात तसाच झाला. रोपाला पाणी घालून उद्घाटन, पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक, मग शाल, मग प्रास्ताविक, मग परिचय. एक विद्यार्थी मोबाइलमध्ये स्थळ आणि वेळ उमटणारी छायाचित्रे काढत फिरत होता, कारण अशा नोंदी विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या अहवालाला जोडाव्या लागतात. माजी विद्यार्थ्यांशी संस्थेचा संबंध किती, यालाही तिथे गुण असतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. त्या निमित्ताने का होईना, माणसे आपल्या जुन्या विभागात परत येतात. पण परिचय वाचणाऱ्या मुलीने जेव्हा ‘अत्यंत प्रतिकूल परिस्थितीवर जिद्दीने मात करून’ असे म्हटले, तेव्हा मला पहिल्यांदा थोडे अवघडल्यासारखे झाले. वाक्य खोटे नव्हते. माझ्या वडिलांची कोरडवाहू जमीन होती, घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली, आणि आज एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्या वाक्यात सगळे होते, पण परिस्थितीशी झुंजायला मी एकटीच उभी होते, असा त्याचा अर्थ निघत होता. प्रत्यक्षात माझ्या आजूबाजूला भरपूर गर्दी होती.

म्हणून ते उत्तर सावकाश द्यावे, असे वाटू लागले.

एम.एस्सी.ला प्रवेश घेतला ते १९९९ साल होते. वडिलांची मनीऑर्डर दर महिन्याला यायची, पण किती येईल हे बाजारात बोकड काय भावाने गेला यावर ठरायचे. मनीऑर्डरच्या खालच्या कागदावर, जिथे चार ओळी लिहायला जागा असे, तिथे वडील कधीही खुशाली लिहीत नसत. ‘मागील हिशेब पाठवणे’ एवढेच असे. शुल्काचा मोठा भाग ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या, सवलतीने उचललेला होता. त्यासाठी तलाठ्याच्या सहीपासून तहसील कचेरीच्या शिक्क्यापर्यंतचा उत्पन्नाचा दाखला काढताना वडिलांनी पेरणीच्या दिवसांत घातलेल्या खेपा हीदेखील माझ्या शिक्षणातली एक गुंतवणूकच होती, आणि ती कोणत्याही वहीत नोंदलेली नाही. अ‍ॅप्रन एका वरच्या वर्गातल्या ताईने दिलेला होता. त्याच्या खिशावर तिच्या नावाची आद्याक्षरे लाल दोऱ्याने विणलेली होती आणि मी ती कधी उसवली नाहीत. प्रयोगशाळेत काच फुटली की ‘ब्रेकेज’ म्हणून पैसे भरावे लागत. माझ्या हातून एक ब्यूरेट फुटली, तेव्हा तिथल्या मामांनी माझ्याकडे बघितले, तुकडे सुपलीत भरले आणि नोंदवही न उघडताच ते निघून गेले. राजारामपुरीत एका नववीतल्या मुलीची मी शिकवणी घेत असे. तिची आई पैशांच्या पाकिटाबरोबर दर वेळी दोन पोळ्या आणि भाजी बांधून द्यायची, आणि त्या रात्रीचा मेसचा खाडा मांडून मी ते पैसे वाचवायची.

मेसच्या काकूंची लांबट वही होती, लाल कापडी बांधणीची. तिच्यात प्रत्येकीच्या नावाचे पान होते आणि बाकी राहिलेल्या पैशांभोवती काकू पेन्सिलीने गोल काढत. पेन्सिलीने का, असे मी एकदा विचारले, तर त्या म्हणाल्या, “पेनानं लिहिलं की माणूस तोंड चुकवतंय गं.” पंधरा तारखेपर्यंत त्या काही बोलत नसत. पंधरानंतर वाढताना फक्त नाव घेऊन हाक मारत, एवढ्यावरूनच कळायचे. रविवारी गोड असे आणि त्या दिवशी कोणाच्याही पानासमोर काकू वही घेऊन बसत नसत, ही त्यांची स्वतःची रीत होती. शिवाय गावाकडून डबा यायचा. जतहून कोल्हापूरला येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे आई पत्र्याचा डबा द्यायची. झाकणावर माझे नाव आणि ‘सेंट्रल स्टँड’ असे रंगाने लिहिलेले होते. त्यात कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाची पूड असे. चटणीचे तेल झाकणाच्या कडेने झिरपून रंगवलेल्या अक्षरांवर पसरायचे, त्यामुळे वर्षाच्या अखेरीस माझे आडनाव तेवढे वाचता येत होते. सीटच्या मागे ठेवलेला तो डबा कंडक्टर पायाने पुढे सरकवून द्यायचा आणि सही-बिही काही न घेता म्हणायचा, “आईला म्हणावं, पुढच्या खेपेला झाकण घट्ट लाव.”

आणि ‘कमवा व शिका’. मला काम मिळाले ग्रंथालयात. दिवसाचे ठरावीक तास पुस्तके जागेवर लावायची, फाटलेली पाने चिकटवायची, कार्डे लावून ठेवायची. त्यातला सर्वांत जड भाग म्हणजे ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’चे बांधीव खंड. जगभरात रसायनशास्त्रात जे काही प्रसिद्ध होई त्याचा गोषवारा १९०७ पासून या खंडांत छापला जात असे. कागद पातळ, अक्षर मुंगीएवढे आणि प्रत्येक खंड दोन हातांनी उचलावा असा. २०१० पासून त्याची छापील आवृत्ती बंद झाली आणि आता तेच काम संगणकावर काही क्षणांत होते, त्यामुळे आजच्या मुलांना त्या खंडांचे वजन सांगून कळणार नाही. मुले संदर्भ शोधून खंड टेबलावर तसेच टाकून जात आणि ते परत लावायचे काम माझे असे. लावता लावता मी उघडलेल्या पानावरचे चार ओळींचे गोषवारे वाचू लागले. सुरुवातीला काहीही कळत नसे. मग एखादे नाव ओळखीचे वाटे, एखादी अभिक्रिया तीच परत दिसे. एकाच संयुगावर जपानमधला कोणी आणि हंगेरीतला कोणी काम करत आहे, हे लक्षात यायला लागले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत एका अशुद्धीविषयी मला विचारण्यात आले, तेव्हा मी जे सांगितले ते वर्गात शिकवलेले नव्हते. ते मी धूळ पुसताना वाचलेले होते. म्हणजे त्या कामाचे मला पैसे मिळाले आणि वर शिक्षणही. एवढा चांगला सौदा त्यानंतरच्या कोणत्याही नोकरीत मला मिळालेला नाही.

पण याच ठिकाणी माझ्या भाषणातली जिद्दीची गोष्ट लंगडी पडते. माझ्या खोलीत चंदगडची एक मुलगी होती. पहिल्या सत्रात तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. सेंद्रिय रसायनाचे गणित ती चहा पिता पिता सोडवायची आणि मी रात्रभर बसायची. दुसऱ्या सत्रात तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. भाऊ लहान, घरी काजूची थोडी झाडे आणि भाताची खाचरे. ती ‘जाऊन येतो’ म्हणाली आणि गेली. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत उलटली, मग पुढची मुदतही उलटली. तिचे अंथरूण बरेच दिवस गुंडाळून भिंतीला लावलेले होते. शेवटी तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. तिची जिद्द कुठे कमी पडली, असे कोणी मला विचारले तर मी काय सांगू? आज ती गावात औषधांचे आणि बी-बियाण्यांचे दुकान चालवते, तिचे बरे चालले आहे, आणि तिच्याबद्दल हळहळ व्यक्त केलेली तिला अजिबात खपत नाही. पण आमच्या दोघींतला फरक जिद्दीचा नव्हता, एका आजारपणाचा होता. माझ्या वडिलांना त्या वर्षी काही झाले नाही. व्यासपीठावर शाल मला मिळाली याच्यामागे हेही एक कारण आहे, आणि ते परिचयपत्रात लिहायला रकाना नसतो.

भाषणाच्या आदल्या संध्याकाळी मी अंबाबाईचे दर्शन घेऊन दसरा चौकाकडे चालत गेले होते. शाहू महाराजांचा पुतळा आणि त्याच्या आसपास उभी असलेली ती जुनी बोर्डिंगे आपण कोल्हापूरकर इतक्या सवयीने पाहतो की तिथे काय घडले हे रोज आठवत नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि पुढे एकेका समाजाची अशी ओळच लागली. महाराज भाषणेही करत, पण खेड्यातून आलेल्या पोराला पहिली अडचण विषय अवघड असण्याची नसून राहायचे कुठे आणि जेवायचे काय, ही असते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. म्हणून जागा दिल्या, इमारती दिल्या, उत्पन्ने लावून दिली. याच जैन बोर्डिंगात राहिलेला एक विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला म्हणून त्याला तिथून बाहेर पडावे लागले, असे त्याची चरित्रे सांगतात. तो पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाला. सातारच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसत आणि धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. १९४७ मध्ये निघालेल्या सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मुले काम करून शिकत होती. त्यानंतर १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि पहिले कुलगुरू म्हणून डॉ. आप्पासाहेब पवार आले, तेव्हा या भागात ‘कमवा व शिका’ ही नवलाई राहिलेली नव्हती. मी ज्या रकमेच्या पावतीवर दर महिन्याला सही करत होते, तिच्यामागे एवढी लांब ओळ उभी होती. सही करताना हे मला ठाऊक नव्हते. पैसे कधी मिळतात याकडेच लक्ष असे.

थोर माणसांच्या गोष्टीही आपण याच पद्धतीने, पाठीमागचा आधार गाळून, सांगतो. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. भांडारकर तर पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. माजी विद्यार्थी परत आल्याचे यापेक्षा मोठे उदाहरण कोणते द्यायचे? पण हे दोघेही दक्षिणा फेलो होते, ही गोष्ट प्रेरणादायी भाषणांत येत नाही. पेशवाईत श्रावणमासी शास्त्री-पंडितांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतला काही भाग नव्या विद्येकडे वळवला गेला आणि त्यातून तरुण अभ्यासकांना वेतन मिळाले. म्हणजे रमण्यातली, पुण्यातल्या दक्षिणा वाटण्याच्या आवारातली, दक्षिणा एल्फिन्स्टन कॉलेजच्या वर्गात पोहोचली. बाबासाहेबांच्या बाबतीत तर हे फारच होते. ते ग्रंथालय उघडताना आत जात आणि बंद होताना बाहेर पडत, हे प्रत्येक वक्ता सांगतो आणि ते सांगायलाच हवे. परंतु १९१३ मध्ये ते अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि पुढे इंग्लंडातला अभ्यास पुरा करायला जाताना शाहू महाराजांनी मदतीचा हात दिला, हे त्याच दमात सांगितले तर बाबासाहेबांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना बोलावून मानद पदवी दिली, तेव्हा राज्यघटना लिहिणारा विद्यार्थी परत आला होता; त्या साडेअकरा पौंडांची त्याहून चांगली पोचपावती कोणत्या संस्थानाला मिळाली असेल?

आता मी जरा कार्यक्रमानंतरच्या चहाकडे येते. विभागाबाहेरच्या टपरीवर पाच-सहा विद्यार्थी भेटले. प्रश्न विचारणारी मुलगी त्यांच्यात नव्हती, तिचे प्रात्यक्षिक होते. मी सरळच विचारले, “तुमचा महिना कसा भागतो?” आधी ते लाजले, मग एकाने सुरुवात केली आणि सगळे एकदम बोलू लागले. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाही तर बाहेर तिघांत मिळून खोली. मेस. मोबाइलचे रिचार्ज, ज्याला आमच्या हिशेबात जागाच नव्हती आणि ज्याच्याशिवाय आता सूचनाही कळत नाही. कोणाला निर्वाह भत्ता मिळतो, कोणाला सरकारच्या स्वाधार योजनेची मदत. पण रक्कम हातात पडेपर्यंत उसनवार करावी लागते. एक मुलगा रात्री गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून सकाळी वर्गात बसतो. आणि मग निघाला तो खर्च, जो मला खरेच सुचला नसता: स्पर्धा परीक्षांच्या अर्जांचे शुल्क. २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या वर्गासाठी हजार रुपये आणि राखीव वर्गासाठी नऊशे रुपये शुल्क होते. जाहिरात निघाली ४,६४४ जागांची, अर्ज आले दहा लाखांहून अधिक. रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलांनीही तो भरला होता. “घरचे म्हणतात भरून ठेव, म्हणून भरायचा,” एक मुलगी म्हणाली, “पण मग त्या महिन्यात मेस एक वेळचीच लावायची.” तिच्या बोलण्यात रडगाणे नव्हते, ती मला व्यवहार समजावून सांगत होती. मी तासाभरापूर्वी याच मुलीला प्रयत्न सोडू नकोस, असे सांगितले होते. ती प्रयत्न सोडत नव्हतीच. एका जागेमागे दोनशेहून अधिक अर्ज असतील तर उरलेल्यांनी प्रयत्नांत कुठे कसूर केली, हे मात्र मी तिला सांगू शकले नसते.

हे लिहिताना मला प्रेरणेची टवाळी करायची नाही. मी विद्यार्थिनी असताना एक ज्येष्ठ बाई आमच्या विभागात येऊन बोलल्या होत्या. त्यांचा एक शब्दही मला आठवत नाही, पण नऊवारी नेसलेल्या आईबद्दल बोलणारी आणि तरीही परदेशातल्या प्रयोगशाळेत काम केलेली बाई मी पहिल्यांदाच समोर पाहिली होती, आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आपल्यासारखे कोणीतरी पुढे गेलेले दिसणे ही मोठी गोष्ट आहे. शाल खांद्यावर पडली तेव्हा माझेही डोळे भरून आले. हे आईवडिलांनी पाहायला हवे होते, असे वाटले. मी कष्ट केले नाहीत, असेही नाही. पण कष्टांची गोष्ट सांगायला सोपी असते आणि ऐकायलाही बरी वाटते. तिच्यामुळे कोणाला काही करावे लागत नाही. वसतिगृहात किती खाटा आहेत, कामाचे पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला मिळतात, ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, शिष्यवृत्ती उशिरा आली तर मेसवाल्याला कोण थांबवून ठेवते, असे प्रश्न विचारले की सभागृहात टाळ्या पडत नाहीत. माझ्या मते परत येणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने यांतले निदान दोन प्रश्न विचारावेत, आणि पाकिटाची दोरी सैल करायची ऐपत असेल तर शाल अंगावर असतानाच ते विचारावेत.

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा आईच्या ट्रंकेतून माझी हिशेबाची वही काढली. वडिलांच्या धाकाने मी ती नियमित लिहीत असे. १९९९ च्या ऑगस्टचे पान त्यातल्या त्यात नीट वाचता येत होते, म्हणून तेच उतरवून घेतले. जमा: मनीऑर्डर ३०० रुपये, ग्रंथालयातले काम ३५०, शिकवणी २००, एकूण ८५०. खर्च: मेस ५५०, गावी जाऊन येण्याचे एस.टी.चे भाडे १२०, जर्नल आणि झेरॉक्स ९०, तेल-साबण ७०, एस.टी.डी.वरून केलेले फोन ६०, के.एम.टी.ची शहर बस ४०, एकूण ९३०. रात्री उशिरा दर उतरल्यावर बूथबाहेर रांगेत उभे राहून गावातल्या दुकानात फोन लावायचा आणि दुकानदाराने आईला बोलावून आणेपर्यंत मीटरकडे बघत बसायचे, असा तो फोनचा खर्च. सगळे पुन्हा पुन्हा तपासले. ऐंशी रुपयांचा मेळ बसत नव्हता. कर्ज म्हणून नोंद नव्हती, मागच्या महिन्याची शिल्लक शून्य होती आणि पुढच्या पानावर परतफेडही नव्हती. वडिलांनी त्या वेळी हे कसे चालवून घेतले, हेही एक कोडेच आहे.

चंदगडच्या मैत्रिणीला फोन लावला. ती दुकानात होती, मागून कोणीतरी युरियाचा भाव विचारत होते. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, “अगं, त्या महिन्यात नारळी पौर्णिमा नव्हती का? काकूंनी पेन्सिलीचा गोल पुसला होता तुझा. मी बघितलोय.” मला तसे काहीच आठवत नव्हते. मी म्हटले, मग मेस ५५० अशी नोंद मी कशी केली? “वडिलांना दाखवायला. काकूंनी सोडले म्हणून सांगितली असतीस तर ते दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन हजर झाले असते.” हे मात्र पटण्यासारखे होते. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, “सगळे ऐंशी नसतील पण. झेरॉक्सचे काही मी भरलेले. तू मला दिली नाहीस अजून.”

विभागातल्या एका प्राध्यापकांनी या हिशेबाचा कागद प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीपर्यंत पोहोचवायचे कबूल केले आहे. मी तो हाताने लिहिला, रकाने आखून. खाली ‘तूट ८० रुपये’ अशी ओळ घातली आणि तिच्यापुढे मेसच्या काकूंच्या नावावर चाळीस आणि मैत्रिणीच्या नावावर चाळीस अशी विभागणी केली. पाठवण्याआधी मैत्रिणीला वाचून दाखवले, तर तिने वाटणीला हरकत घेतली. झेरॉक्स त्या काळी पन्नास पैसे पान होते आणि मी स्पेक्ट्रोस्कोपीचे अख्खे पुस्तक काढले होते, असे तिचे म्हणणे. शेवटी काकूंचे तीस आणि तिचे पन्नास असे ठरले, आणि खाडाखोड तशीच ठेवून मी कागद टपालात टाकला.